पारी-जीपी या गणिताच्या सॉफ्टवेअरमधली प्रश्नचिन्हं: एक, दोन, तीन. ही मदत वाचायची कशी?

मलप्रभाकाठ | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातनं, जांबोटीकडच्या एका गावातनं लिहितोय. एमएस्सी गणिताचं पहिलं वर्ष, कॉलेज बेळगावात, रोज बसनं येऊन-जाऊन. कमांड इथं नागरीत लिहितोय. टाइप करताना मूळ स्पेलिंग आणि इंग्रजी आकडेच घालायचे, हे माहीत आहेच सगळ्यांना.

सरांनी वर्गात भास्कराचार्यांचा प्रश्न घातला. क्ष च्या वर्गाला ६१ नं गुणायचं, १ मिळवायचा, आणि तो पूर्ण वर्ग व्हायला पाहिजे, म्हणजे ६१क्ष² + १ = य². सगळ्यात लहान क्ष आणि य काढा. हातानं क्ष = २०० पर्यंत गेलो, काही लागंना. मग मित्रानं लॅपटॉपवर पारी-जीपी घालून दिलं आणि म्हणाला, क्वाडयुनिट(६१) मार.

मारलं. उत्तर आलं १७ + ५*डब्ल्यू.

आता क्ष = ५ धरला तर ६१ × २५ + १ = १५२६. तो वर्गच नव्हे. १७ चा वर्ग तर २८९. कुठंच जुळंना. हा डब्ल्यू कोण ते बघायला कमांडच्या नावाआधी एक प्रश्नचिन्ह लावलं. दोन-तीन ओळी आल्या, त्यात डब्ल्यू हे नुसतं दाखवायचं नाव आहे एवढंच कळलं. मित्र म्हणाला दोन प्रश्नचिन्हं लाव, सगळं सविस्तर येतंय. लावली तर प्रोग्रॅम सापडत नाही अशी एक ओळ येऊन थांबतंय.

नेटवर शोध म्हणू नका. घरात रेंजची एक काडी येते, ती पण माळ्यावर चढल्यावर, आणि पाऊस लागल्यापासून करंटचा भरवसा नाही. हे पोस्ट पण बेळगावात असताना लिहून ठेवलं होतं. मला मशिनीतच असलेली मदत नीट वाचायला शिकायचंय. कुणी सांगाल काय?

---

घटप्रभा | शनिवार, रात्री १०.०५

६१ च्या जागी २४४ घाल. क्वाडयुनिट(२४४) दिलंस की २९७१८ + ३८०५*डब्ल्यू येईल, आणि इथं डब्ल्यू म्हणजे सरळ √६१. त्याचा वर्ग केलास की तुझं उत्तर.

---

मलप्रभाकाठ | शनिवार, रात्री १०.१२

आलं दादा, धन्यवाद. खरं २४४ कुठनं काढलात तुम्ही? ६१ ची चौपट, एवढं दिसतंय. का चौपट ते कळंना.

---

राकसकोप | शनिवार, रात्री ११.२०

तुझ्या दोन प्रश्नचिन्हांचं मी सांगतो, गणिताचं बाकीचे सांगतील. माझं काम कॉम्प्युटर लॅब सांभाळायचं, सगळ्या मशिनींवर उबुंटू लिनक्स.

एक प्रश्नचिन्हाची मदत जीपीच्या पोटातच असते, ती कधीही येते. दोन आणि तीन प्रश्नचिन्हांची मदत जीपी स्वतः देत नाही. त्यासाठी ते बाहेरच्या एका छोट्या प्रोग्रॅमला हाक मारतं, त्याचं नाव जीपीहेल्प. तो पर्ल भाषेत लिहिलेला आहे. तो मॅन्युअलची फाइल उघडतो, तू विचारलेल्या कमांडचं कलम शोधतो, टेक या छपाईच्या भाषेतली सजावट काढून टाकतो आणि साधा मजकूर तुझ्यासमोर ठेवतो. म्हणजे तीन गोष्टी हजर पाहिजेत: पर्ल, जीपीहेल्प आणि मॅन्युअल.

डेबियन आणि उबुंटूवर जीपी येतं पारी-जीपी नावाच्या पॅकेजात, आणि मॅन्युअल व जीपीहेल्प येतात पारी-डॉक नावाच्या वेगळ्या पॅकेजात. तुझ्या मित्रानं पहिलं घातलंय, दुसरं राहिलंय. जीपी सुरू केल्यावर वर जो मजकूर येतो तो सगळे सोडून देतात. तोच वाच. रीडलाइन (टाइप केलेली ओळ मागंपुढं जाऊन सुधारायची सोय) चालू आहे का आणि विस्तारित मदत चालू आहे का, हे तिथं एका ओळीत लिहिलेलं असतं.

घरात नेट नाही म्हणतोस, तर कॉलेजात असताना पारी-डॉक आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजं उतरवून पेनड्राइव्हवर घे आणि घरी डीपीकेजी या पॅकेज घालायच्या कमांडनं घाल. मात्र उबुंटूची आवृत्ती दोन्हीकडे एकच असू दे, नाहीतर घरी गेल्यावर अडशील आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मी लॅबमध्ये आता दोन्ही पॅकेजं एकदमच घालतो. मॅन्युअल नसलेलं गणिताचं सॉफ्टवेअर मुलांच्या हातात देणं मला पटत नाही.

---

शहापूरचा_फळा | रविवार, सकाळी ७.५०

रात्री वाचलं, सकाळी निवांत लिहायला बसलोय. ६१ चा प्रश्न आणि मदतीचा प्रश्न मला एकच वाटतो, म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो.

आधी प्रश्नचिन्हं. बेळगावातल्या माणसाला सांगायचं तर असं. एक प्रश्नचिन्ह म्हणजे दुकानावरची पाटी. आत काय मिळतं आणि काय घेऊन यायचं एवढंच तिच्यावर लिहिलेलं. दोन प्रश्नचिन्हं म्हणजे दुकानात जाऊन बसून माल उलगडून बघणं. तीन म्हणजे दुकानाचं नावच माहीत नाही, काय हवंय ते माहीत आहे, आणि गणपत गल्लीच्या तोंडाशी उभं राहून विचारणं की हे कुठं मिळेल. तीन प्रश्नचिन्हांपुढे एखादा शब्द दिला की जीपीहेल्प सगळ्या मॅन्युअलमध्ये तो शब्द शोधतं आणि जिथं जिथं सापडला त्या कमांडची नावं देतं. मग त्यातल्या एकेकीवर दोन प्रश्नचिन्हं लावायची.

मुलं एक प्रश्नचिन्हावर थांबतात आणि कळलं नाही म्हणतात. पाटीवर सगळं लिहिलेलं नसतं.

आता तुझी कमांड घे. पारी-डॉक घातल्यावर दोन प्रश्नचिन्हं लावून क्वाडयुनिट विचार. त्यात दोन गोष्टी मिळतील. पहिली, आत घालायची संख्या हा विवेचक आहे. तो ४ नं भागल्यावर बाकी ० किंवा १ उरली पाहिजे आणि तो वर्ग नसावा. दुसरी, उत्तर ज्या रूपात येतं त्यासाठी क्वाडजेन बघा असं म्हटलंय. हे ‘बघा’ फार मोलाचं. तू लगेच उठून क्वाडजेनला दोन प्रश्नचिन्हं लाव. तिथं डब्ल्यू सापडतो. विवेचक डी असेल आणि ४ नं भागून बाकी ० उरत असेल तर डब्ल्यू = √डी ÷ २. बाकी १ उरत असेल तर डब्ल्यू = (१ + √डी) ÷ २.

६१ ला ४ नं भागलं की बाकी १. म्हणजे तुझा डब्ल्यू (१ + √६१) ÷ २. तुझं उत्तर १७ + ५डब्ल्यू म्हणजे (३४ + ५ + ५√६१) ÷ २, म्हणजे (३९ + ५√६१) ÷ २.

३९ आणि ५. आता फळ्यावरचं चक्रवाल आठव, म्हणजे असे प्रश्न फेऱ्याफेऱ्यांनी सोडवायची भास्कराचार्यांच्या ग्रंथातली पद्धत. ६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणून कनिष्ठ (क्ष) १, ज्येष्ठ (य) ८, क्षेप (उरणारा फरक) ३. कारण ८² − ६१ × १² = ३. पुढच्या फेरीत असा गुणक शोधायचा की ८ मध्ये मिळवला तर ३ नं भाग जाईल आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ राहील. तो ७. नवा कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. नवा ज्येष्ठ (५६ + ६१) ÷ ३ = ३९. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. पडताळून बघ: ३९² = १५२१, ६१ × २५ = १५२५, वजाबाकी −४.

म्हणजे जीपीनं तुला जे दिलं ते भास्कराचार्यांच्या दुसऱ्या पायरीवरच्याच संख्या आहेत, दोननं भागून. जीपी आत हीच पद्धत वापरतं असं नव्हे. पण संख्या तीच आहे, कारण ती √६१ पासून बनणाऱ्या संख्यांचं मूलभूत एककच आहे, ज्याच्या घातांतून अशी बाकीची उत्तरं निघतात. भास्कराचार्यांचा बीजगणित ग्रंथ इ.स. ११५० चा. क्षेप −४ वर पोचल्यावर पुढच्या फेऱ्या मारत बसायची गरज नाही. तिथून उडी मारायची युक्ती ब्रह्मगुप्तांची, ६२८ सालच्या ग्रंथातल्या भावनेवर, म्हणजे दोन उत्तरं जोडून तिसरं काढायच्या रीतीवर बेतलेली. फ्रेंच गणिती फर्मानं हाच ६१ चा प्रश्न युरोपात आव्हान म्हणून घातला १६५७ मध्ये, पाचशे वर्षांनी. हे मी वर्गात सांगतो तेव्हा दरवेळी माझाच आवाज भरून येतो.

पुढचं तू कर. (३९ + ५√६१) ÷ २ चा घन किती येतो ते काढ आणि इथं लिही. मग २४४ कुठून आला ते तुझं तुलाच दिसेल.

---

हिरण्यकेशी | रविवार, दुपारी १२.३०

सर, चक्रवालाचं वाचताना वहीत उतरवून घेतलं. मी संकेश्वरकडची, हायस्कूलला गणित शिकवते, मराठी माध्यम.

माझी अडचण वेगळी आहे. आमची मुलं घरात मराठी बोलतात, बाहेर कन्नड, आणि दहावीनंतर एकदम सगळं इंग्रजीत. विवेचक, सहगुणक, मूळ संख्या, विभाजक हे शब्द त्यांना पक्के येतात. तेच शब्द इंग्रजीत स्क्रीनवर दिसले की त्यांना वाटतं हे आपल्याला शिकवलेलंच नाही. मदतीच्या पहिल्याच ओळीत महिरपी कंस, बरोबरचं चिन्ह, स्वल्पविराम असं सगळं एकदम येतं, तिथंच मूल मागं सरतं. ती पहिली ओळ फोडून सांगाल का?

---

शहापूरचा_फळा | रविवार, दुपारी २.१५

मॅडम, तुम्ही नेमकी जागा दाखवलीत.

पहिली ओळ म्हणजे कमांडचं नाव आणि कंसात तिला काय काय द्यायचं ते. जे नुसतं लिहिलेलं ते द्यावंच लागतं. जे महिरपी कंसात लिहिलेलं ते दिलं तरी चालतं, नाही दिलं तरी चालतं. महिरपी कंसात बरोबरचं चिन्ह असेल तर तुम्ही काही दिलं नाही तर काय धरलं जाईल ते त्याच्यापुढे लिहिलेलं असतं. महिरपी कंस टाइप करायचे नाहीत, ते फक्त आपल्याला सांगण्यासाठी. एवढं कळलं की निम्मी भीती जाते, हे मी वर्गात बघितलंय.

मग येतो फ्लॅग, म्हणजे कमांड कशी चालवायची ते ठरवणारा आकडा. मुलांना मी दिव्याच्या बटणांचा बोर्ड सांगतो. मदतीत लिहिलेलं असतं की फ्लॅगच्या द्विमान अंकांचा अर्थ असा: १ म्हणजे हे, २ म्हणजे ते, ४ म्हणजे आणखी काही. प्रत्येक आकडा म्हणजे एक बटण. दोन बटणं दाबायची असतील तर आकड्यांची बेरीज करायची. १ आणि ४ हवेत, तर ५ द्यायचा. पण सगळ्या कमांडमध्ये असं नसतं. काहींत फ्लॅग ०, १, २, ३ हे सरळ वेगवेगळे पर्याय असतात, बेरीज नसते. मूळ संख्या तपासणारी इजप्राइम कमांड तशी आहे. कुठली कुठल्या प्रकारची ते मदतीत लिहिलेलंच असतं.

---

निपाणी_नाका | रविवार, संध्याकाळी ६.४५

सगळ्यांचा मान राखून माझं मत मांडतो. मी गणिताचा विद्यार्थी नव्हे, इंजिनिअरिंग केलंय, नोकरीत आकडेमोड लागते म्हणून जीपी वापरतो. आजकाल चॅटबॉटला मराठीत विचारलं तर मराठीत सांगतंय. उदाहरण देतंय, चूक झाली तर दुरुस्त करून देतंय. पोरांना इंग्रजी मॅन्युअलमध्ये ढकलण्यापेक्षा ते बरं नव्हे काय? हिरण्यकेशी मॅडमच्या मुलांना तर त्याचा जास्त उपयोग. मी स्वतः फॅक्टरिंटची एक ओळ अशीच उचलली, मोठ्या संख्येला झटकन अवयव मिळतात. आजपर्यंत अडलं नाही.

---

शहापूरचा_फळा | रविवार, संध्याकाळी ७.३०

ती ओळ इथं लिहाल का?

---

निपाणी_नाका | रविवार, संध्याकाळी ७.४२

फॅक्टरिंट(एन, ८).

---

शहापूरचा_फळा | रविवार, रात्री ८.३०

दादा, रागावू नका, पण हे आजच बदला.

फॅक्टरिंटला एकच प्रश्नचिन्ह लावून बघा. अवयव काढायच्या वेगवेगळ्या पद्धती बंद करायला फ्लॅगची चार बटणं दिलेली आहेत. १ म्हणजे बहुपदी वर्गचाळणी टाळा. २ म्हणजे सुरुवातीची लंबवृत्तीय वक्राची पायरी टाळा. ४ म्हणजे पोलार्डची ऱ्हो आणि शँक्सची पद्धत टाळा. ८ म्हणजे शेवटची लंबवृत्तीय वक्राची पायरी सोडून द्या, आणि तिथंच पुढं लिहिलंय की असं केलंत तर मोठ्या संयुक्त संख्या मूळ म्हणून दाखवल्या जातील.

उत्तर झटकन येतं ते यामुळे. काम अर्ध्यावर सोडून जे उरलं त्याला मूळ म्हणायचं. कधी कधी हे मुद्दाम हवं असतं: लहान अवयव तेवढे बाजूला काढायचे, उरलेल्याचं काय ते नंतर बघायचं. पण ते माहीत असून करणं वेगळं. माझ्याच एका विद्यार्थ्यानं अशीच कुठूनतरी उचललेली ओळ प्रबंधात वापरली होती. तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आम्ही बसून सगळी कोष्टकं परत काढली. दोन ठिकाणी ‘मूळ’ लिहिलेली संख्या मूळ नव्हती. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

चॅटबॉटला माझा विरोध नाही. त्यानं समजावून सांगितलेलं घ्या. पण तुमच्या मशिनीवर जी आवृत्ती आहे तिची कमांड काय करते, हे त्या आवृत्तीबरोबर आलेलं मॅन्युअल सांगतं. प्रश्नचिन्हाला दोन सेकंद लागतात.

असंच आणखी एक. इजप्राइमच्या मदतीत ‘सिद्ध झालेली मूळ संख्या’ अशा अर्थाचा शब्द आहे. इजस्यूडोप्राइमच्या मदतीत तो नाही. दुसरी पुष्कळ वेगवान. तिची चाचणी चुकल्याचं एकही उदाहरण आजवर सापडलेलं नाही, आणि २ च्या ६४ व्या घातापर्यंत ती चुकत नाही हे तपासून झालंय. पण त्यापुढे ती सिद्धता नव्हे. त्या एका शब्दासाठी मदत वाचायची.

---

निपाणी_नाका | रविवार, रात्री ९.१०

सर, आत्ता बघितलं. तुम्ही म्हणताय तसंच लिहिलंय, तेही पहिल्याच मदतीत, दोन प्रश्नचिन्हांची गरज पण नाही. माझ्याकडं तीन फायलींमध्ये ती ओळ आहे. सगळीकडचा ८ काढायलोय.

माझं मराठीचं मत मात्र मी सोडत नाही. समजून घ्यायला आपली भाषाच पाहिजे.

---

हिरण्यकेशी | रविवार, रात्री ९.२५

हे दोन्ही एकत्र जमणार नाही का? मदत मशिनीतच असावी आणि मराठीत असावी.

---

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री १०.३०

काल कॉलेजात पॅकेजं उतरवून घेतली, राकसकोप दादांनी सांगितलं तशी. घरी पेनड्राइव्हवरनं घातली. एक पॅकेज राहिलं होतं म्हणून आज परत आणलं. आता वर विस्तारित मदत चालू म्हणून येतंय.

सर, तुम्ही सांगितलेला घन काढला. आधी हातानं, मग जीपीत. (३९ + ५√६१) ÷ २ चा घन २९७१८ + ३८०५√६१ येतोय. भागाकार गेला, पूर्णांक राहिले! आणि हेच घटप्रभा दादांच्या क्वाडयुनिट(२४४) चं उत्तर. मग क्वाडजेनची मदत परत वाचली. २४४ ला ४ नं भागलं की बाकी ०, म्हणजे डब्ल्यू = √२४४ ÷ २ = √६१. म्हणून चौपट. डब्ल्यू मधला अर्धा काढून टाकायचा असेल तर विवेचक चौपट करायचा. हे कळलं आणि मी आईला उठवून सांगितलं. तिला काही कळलं नाही, खरं ती खूश झाली.

२९७१८² − ६१ × ३८०५² करून बघितलं, −१ आला. आपल्याला +१ पाहिजे, म्हणून आणि एकदा वर्ग. २९७१८ चा वर्ग दुप्पट करून १ मिळवला: १७६६३१९०४९. आणि २ × २९७१८ × ३८०५ = २२६१५३९८०.

म्हणजे क्ष = २२६१५३९८०, य = १७६६३१९०४९. मी २०० पर्यंत जाऊन थांबलो होतो!

मध्ये एकदा फसलो ते पण सांगतो. एकदम क्वाडयुनिट(६१) चा सहावा घात केला तर १५४०१६५०६९ + ४५२३०७९६०*डब्ल्यू असं आलं आणि परत जुळंना. मग आठवलं, हा डब्ल्यू अर्ध्याचा आहे. ४५२३०७९६० चं अर्धं २२६१५३९८०, आणि ते पहिल्या संख्येत मिळवलं की १७६६३१९०४९. जुळलं.

त्यानंतर ६७ घालून बघितला, कारण भास्कराचार्यांनी तोही केलाय असं सर म्हणाले होते. क्वाडयुनिट(६७) ला एरर. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. मग मदतीतलं ते वाक्य आठवलं, ४ नं भागून बाकी ० किंवा १ पाहिजे. ६७ ला बाकी ३. चौपट केली, २६८ घातला: ४८८४२ + ५९६७*डब्ल्यू. इथं वर्ग करायची पण गरज नाही, थेट +१ येतोय. ६७ × ५९६७² + १ = ४८८४२².

---

घटप्रभा | मंगळवार, रात्री १०.५०

शाब्बास. मी शनिवारी उत्तर देऊन मोकळा झालो होतो, सरांनी रस्ता दाखवला. पुढच्या वेळी मी पण मदतीचं कलम कुठलं ते आधी सांगेन.

अजून एक लिहून ठेव: नॉर्म नावाची कमांड आहे. क्वाडयुनिटच्या उत्तराला लावली की −१ का +१ ते लगेच कळतं. ६१ ला −१, २६८ ला १. वर्ग करायचा का नाही हे हातानं तपासायला नको.

---

चंदगडची_वाट | बुधवार, सकाळी ९.००

मी पलीकडचा, खरं बेळगावला रोज येणं-जाणं आहे, म्हणून इथं लिहितोय. आमच्याकडं मॅक्सिमा शिकवतात, असंच गणिताचं दुसरं सॉफ्टवेअर. तिथं पण प्रश्नचिन्ह आहे, मात्र एक फरक डोक्यात ठेवा. मॅक्सिमात एक प्रश्नचिन्ह लावल्यावर मोकळी जागा सोडून मग नाव लिहायचं. जागा सोडली नाही तर त्याला वाटतं तुम्ही आतल्या लिस्प भाषेतलं नाव विचारताय. दोन प्रश्नचिन्हं लावली की नावाचा तुकडा जिथं जिथं येतो ती यादी क्रमांकासह येते आणि कुठलं हवं ते विचारतं. क्रमांक टाकायचा, नाहीतर सगळे किंवा एकही नको असं इंग्रजीत लिहायचं. मी पहिल्यांदा तिथंच अडकून बसलो होतो, वाटलं मशीन अडकलं.

ऑक्टेव्ह या आणखी एका सॉफ्टवेअरला प्रश्नचिन्ह नाही, सरळ हेल्प लिहून नाव. नाव माहीत नसेल तर लुकफॉर, ते जीपीच्या तीन प्रश्नचिन्हांचं काम करतं.

---

राकसकोप | बुधवार, सकाळी ९.४०

यात भर. जीपीहेल्प हा प्रोग्रॅम जीपी न उघडता टर्मिनलवरनं पण चालतो. नुसतं नाव दिलं तर तो टेकमधनं सुंदर छापील पान तयार करून दाखवायला जातो. टेक नसेल तर अडतो. डिटेक्स हा पर्याय दिला की साधा मजकूर. के हा पर्याय म्हणजे शब्दावरनं शोध. लॅबमध्ये मुलं एका खिडकीत जीपी आणि दुसऱ्या खिडकीत जीपीहेल्प उघडून बसतात. मला ही पद्धत आवडते, कारण मदत वर सरकून निघून जात नाही.

---

शहापूरचा_फळा | बुधवार, रात्री ९.१५

हिरण्यकेशी मॅडमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करत होतो. जमतं, मॅडम.

जीपीत अॅडहेल्प नावाची कमांड आहे. तिला फंक्शनचं नाव द्यायचं आणि अवतरणचिन्हांत मजकूर. त्यानंतर त्या नावापुढं एक प्रश्नचिन्ह लावलं की तुमचा मजकूर दिसतो. फंक्शनचं नाव रोमन अक्षरांतच द्यावं लागतं, पण मजकूर देवनागरीत चालतो, मी आज करून बघितलं. टर्मिनलमध्ये काही वेळा वेलांटी थोडी सरकून दिसते, वाचायला अडत नाही.

मॅन्युअल म्हणतं की आपण लिहिलेल्या फंक्शनला अशी मदत जोडत जा. जीपीबरोबर आलेल्या कमांडची मदतसुद्धा बदलता येते. तिथं लेखकांनी लिहिलंय की बदललीत तर का बदलावी लागली ते आम्हाला कळवा. हे वाक्य मला फार आवडलं. जीपी लिहिणाऱ्या फ्रान्समधल्या बोर्दोच्या माणसांनी आपल्यासाठी दार उघडं ठेवलंय.

तरी माझं मत असं की मूळ कमांडची इंग्रजी मदत पुसू नये. आपण आपल्या छोट्या फंक्शनला मराठी मदत लिहावी, आणि त्या मजकुरात ‘पुढचं वाचायला क्वाडयुनिटला दोन प्रश्नचिन्हं लावा’ असं सांगावं. मूल मराठीतून आत येईल आणि इंग्रजी मजकुरापर्यंत स्वतः चालत जाईल. अशी फंक्शनं एका फाइलीत ठेवून जीपीआरसी या सुरुवातीच्या फाइलीतून ती वाचायला सांगितली की जीपी उघडताच सगळं तयार.

---

हिरण्यकेशी | बुधवार, रात्री १०.००

सर, माझ्या डोळ्यात पाणी आलं हे वाचून. शनिवारपर्यंत मी विवेचक, सहगुणक, विभाजक, मूळ संख्या, समशेष या शब्दांची इंग्रजी जोडी करून फाइल पाठवते. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावरचे शब्द तेच असतील आणि स्क्रीनवरचेही.

---

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ८.५०

मी एक लिहून बघितलं. फंक्शनचं नाव वर्गप्रकृती (स्पेलिंग रोमनमध्ये). मदतीचा मजकूर असा घातलाय, चूक असेल तर दुरुस्त करा:

“वर्गप्रकृती(एन): एन गुणिले क्ष वर्ग अधिक १ बरोबर य वर्ग, याची सगळ्यात लहान धन पूर्णांक उकल [क्ष, य] या क्रमानं देते. एन धन असावा, पूर्ण वर्ग नसावा. आत क्वाडयुनिट(४*एन) वापरलंय, आणि नॉर्म −१ आला तर त्याचा वर्ग केलाय. चौपट का, हे बघायला क्वाडजेनला दोन प्रश्नचिन्हं लावा. उदाहरण: वर्गप्रकृती(६१) चं उत्तर [२२६१५३९८०, १७६६३१९०४९].”

---

शहापूरचा_फळा | गुरुवार, रात्री ९.२०

मजकूर उत्तम. एकच सुचवतो. ‘पूर्ण वर्ग नसावा’ असं मदतीत लिहिलंयस, पण फंक्शन ते स्वतः तपासतं का? कुणी वर्गप्रकृती(४९) घातलं तर काय होतं ते बघ. तिथं जीपीचा इंग्रजी एरर येऊ देण्यापेक्षा आधीच इजस्क्वेअरनं तपासून आपला मराठी निरोप दे. इजस्क्वेअर कशी वापरायची ते…

---

मलप्रभाकाठ | गुरुवार, रात्री ९.२४

सांगू नका सर. दोन प्रश्नचिन्हं लावून बघायलोय.